हिरवा रंग करडा कसा झाला?



रंगांची भाषा आपल्या खानदेशाला नवीन नाही. कपाशीवर फवारायचे औषध आणले, की बाटलीवर शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट दिसते. तिच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल विष, पिवळा म्हणजे त्याहून थोडे कमी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. पण सौम्य झाले तरी ते विषच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही रंगांची उतरंड ठरवून दिली आहे. बियाण्याच्या पिशवीचेही तसेच. पायाभूत बियाण्याला पांढरी चिठ्ठी, प्रमाणित बियाण्याला निळी. आणि रेशनकार्डाचे काय सांगावे! १९९९ साली महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हापासून "पिवळं कार्ड आहे की केशरी?" हा प्रश्न गावोगावी माणसाची ऐपत विचारण्याचाच एक प्रकार होऊन बसला आहे.

हीच रंगांची भाषा आज आणखी एका ठिकाणी बोलली जाते. ते ठिकाण म्हणजे संगणकावरचा तक्ता. आपण सगळे त्याला एक्सेलची शीट म्हणतो. शाळेतली पटनोंदणी, शिष्यवृत्तीची यादी, विकास सोसायटीची येणेबाकी, दूध डेअरीचा रोजचा हिशेब, ग्रामपंचायतीची घरपट्टी, सारे काही या तक्त्यात असते. आणि त्या तक्त्यातली घरे रंगवलेली असतात. हिरवे घर म्हणजे काम झाले. लाल म्हणजे थकले. पिवळे म्हणजे जरा थांबा, पाहायचे आहे.

पण वर्ष-दोन वर्षांनी तो तक्ता दुसऱ्या संगणकावर उघडावा, किंवा त्यातल्या ओळी उचलून नव्या फाईलमध्ये ठेवाव्यात, तर कधी कधी एक चमत्कार दिसतो. हिरवा होता तो करडा झालेला असतो. केशरी होता तो हिरवा झालेला असतो. कोणी मुद्दाम हात लावला नाही, आकडे जसेच्या तसे आहेत, आणि रंग मात्र पालटले! आपण म्हणाल, यंत्र बिघडले असेल. यंत्र बिघडलेले नसते. या पालटामागे चाळीसेक वर्षांचा एक इतिहास आहे, आणि तो समजला म्हणजे पुढची चूक टाळता येते. तोच इतिहास आज पाहू.

आरंभ थोडा मागून करतो. रंगाने खूण करण्याची विद्या संगणकाने शोधून काढलेली नाही. धुळे शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी, १९२७ साली, तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगाव हिंडून जमवली; ती समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. खानदेशातल्या शिक्षकांनी आपल्या मुलांना ही दोन ठिकाणे जरूर दाखवावीत. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत मजकूर काळ्या शाईचा असतो. पण अध्यायाचा शेवट, ओवीचा आकडा, दंड, अशा जागा पुष्कळदा लाल असतात. हा लाल रंग हिंगुळाचा. आणि जिथे लेखनिकाचा हात चुकला, तिथे पिवळा लेप दिलेला असतो. तो हरताळाचा. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासायचा, तो वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचे, अशी ही रीत होती. "केलेल्या कामावर हरताळ फासला" असे आपण आजही म्हणतो ते त्यावरूनच. संपाचा हरताळ वेगळा आणि हा हरताळ वेगळा, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे.

या पोथीत ध्यानात घेण्यासारखे काय आहे? पोथीत रंग हा पदार्थ होता. हिंगूळ कागदावर बसला की तो तिथेच राहिला. पोथी धुळ्याहून पैठणला नेली, म्हणून हिंगुळाचा हरताळ झाला नाही. फार तर तो फिका पडेल. संगणकातल्या तक्त्यात मात्र रंग हा पदार्थ नसतो. तिथे रंगाबद्दलची एक नोंद असते, आणि ती नोंद वाचून पडद्यावर रंग उमटवण्याचे काम उघडणारा कार्यक्रम करतो. नोंद तीच राहिली आणि वाचणाऱ्याची समजूत बदलली, की रंग बदलतो. सारी गोम इथे आहे.

आता संगणकाकडे वळू. तक्ता मांडणारा पहिला गाजलेला कार्यक्रम १९७९ साली अमेरिकेत आला. त्याचे नाव व्हिसिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी तो केला. ब्रिकलिन हार्वर्डच्या व्यापारविद्येच्या शाळेत शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता मांडत. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहीत. ते पाहून त्याला वाटले, हा फळाच असा असावा, की एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलावेत. शिक्षक मित्रहो, खडू आणि डस्टर हाती घेतलेल्या कोणाही माणसाला ही अडचण सांगून समजावी लागणार नाही! त्या पहिल्या तक्त्यात रंगभरण असे काही नव्हते. नुसते आकडे आणि शब्द.

पुढे १९८३ साली लोटस वन-टू-थ्री आला आणि कचेऱ्या-कचेऱ्यांत शिरला. १९८५ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक्सेल काढले, ते प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी. त्या मॅकिंटॉशचा पडदा काळापांढरा होता. १९८७ साली एक्सेल विंडोजवर आले. म्हणजे आज ज्या कार्यक्रमात आपण रंगांची उधळण करतो, तो जन्मला तेव्हा त्याच्यापुढे रंगच नव्हते.

मग रंगीत पडदे आले, पण ते आजच्यासारखे नव्हेत. १९८७ सालच्या व्हीजीए पडद्यावर बारीक, स्पष्ट चित्र हवे असेल तर एका वेळी १६ रंग मिळत. संगणकाची स्मृतीही लहान. प्रत्येक घराच्या रंगाचे पूर्ण वर्णन लिहून ठेवणे परवडणारे नव्हते. तेव्हा कारागिरांनी एक सोय काढली. शाळेतली रंगपेटी आठवा. पेटीत वड्या असतात, प्रत्येक वडीची जागा ठरलेली असते. तक्त्यातल्या घराजवळ "पिवळा" असे लिहायचे नाही, नुसते "सहावी वडी" एवढेच लिहायचे. सहाव्या जागी कोणता रंग आहे ते पेटी पाहून समजेल.

एक्सेलच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ही पेटी १६ वड्यांची होती. १९९३ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून ती ५६ वड्यांची झाली, आणि पुढे एक्सेल ९७, २०००, २००२ आणि २००३ या साऱ्यांत ती ५६ चीच राहिली. पहिली वडी काळी, दुसरी पांढरी, तिसरी लाल, चौथी हिरवी, पाचवी निळी, सहावी पिवळी. त्या ५६ मध्येही काही रंग दोनदा आलेले होते. घर रंगवण्याचे बटण दाबले तर ४० वड्या समोर दिसत. उरलेल्या १६ आलेखांसाठी राखलेल्या होत्या.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ सालची. त्यांच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत आपल्याकडील कितीतरी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि कारकून संगणक शिकले. ज्यांनी सुरुवातीच्या वर्षांत तो अभ्यासक्रम केला, त्यांच्या हाताला ही ५६ रंगांची पेटीच ठाऊक असेल. त्या काळात केलेल्या, शेवटी एक्सएलएस असे शेपूट असलेल्या फाईली आजही अनेक कपाटांत, जुन्या डिस्कांत पडून आहेत.

या पेटीत एक मेख होती. प्रत्येक फाईल आपली पेटी स्वतःबरोबर बाळगत असे, आणि वापरणाऱ्याला पेटीतली वडी बदलताही येत असे. समजा, एकाने सहाव्या जागची पिवळी वडी काढून तिथे केशरी बसवली. त्याच्या फाईलमध्ये सगळीकडे छान केशरी दिसणार. पण त्याची शीट उचलून दुसऱ्याच्या फाईलमध्ये नेली, की तिथली सहावी वडी पिवळी! घराने निरोप दिला "सहावी", आणि नव्या फाईलने आपल्या पेटीतली सहावी उचलली. जाणते लोक आधी एका फाईलची पेटी दुसरीत उतरवून घेत. तशी सोय त्या कार्यक्रमात होती. पण ती ठाऊक असणारे थोडे.

मग २००७ साल उजाडले आणि मोठा पालट झाला. एक्सेल २००७ ने फाईलचा ठेवणीचा प्रकारच बदलला. शेपूट एक्सएलएसएक्स झाले. आधी एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने मावत. आता १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावू लागले. आणि रंगांची तर पेटीच फुटली. आता लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण ० पासून २५५ पर्यंतच्या आकड्यांनी सांगता येऊ लागले. लाल २५५, हिरवा २५५, निळा ० असे म्हटले की पिवळा. अशा तीन आकड्यांच्या जुळण्या होतात १,६७,७७,२१६. कुठे ५६ आणि कुठे पावणेदोन कोटींच्या घरात!

याने जुन्या आणि नव्या यांच्यात पहिला बेबनाव झाला. नव्यात केलेला तक्ता जुन्या प्रकारात साठवून एक्सेल २००३ असलेल्या माणसाकडे पाठवला, तर त्याच्याजवळ ५६ वड्याच होत्या. मग प्रत्येक रंगासाठी त्यातल्या त्यात जवळची वडी शोधली जाई. नव्यात आपण फिकट हिरव्याच्या दोन छटा वापरल्या असतील, तर दोन्ही एकाच वडीवर येऊन बसण्याचा संभव. दोन रंगांचे दोन अर्थ होते. रंग एक झाला, म्हणजे अर्थही एक झाला. एक्सेल २००३ चा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये काढून घेतला, त्यामुळे हा बेबनाव आता पुष्कळ मागे पडला आहे. पण जुना संगणक चालतो तोवर तो फेकून देण्याची आपल्याकडे पद्धत नाही, हे ध्यानात असू द्या.

दुसरा बेबनाव अधिक फसवा आहे, कारण तो नव्या-नव्यांतच होतो. २००७ साली रंगांबरोबर आणखी एक कल्पना आली. तिला थीम म्हणतात. थीम म्हणजे पुन्हा एक लहानशी पेटीच: अक्षरे आणि पार्श्वभूमी यांसाठी चार जागा, ठळक रंगांच्या सहा जागा, आणि दुव्यांसाठी दोन, अशा एकूण बारा. रंगभरणाचे बटण दाबल्यावर वरच्या बाजूला दहा उभ्या रांगा दिसतात, त्या या थीमच्या. तिथून रंग उचललात, तर फाईलमध्ये "हिरवा" असे लिहिले जात नाही. "ठळक रंगांतली तिसरी जागा" असे लिहिले जाते. म्हणजे फिरून सहावी वडी!

हे नीट समजण्यासाठी आपल्या जिल्ह्यांचाच दाखला घेऊ. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले: पूर्व खानदेश, ठाणे जळगाव, आणि पश्चिम खानदेश, ठाणे धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आता १९९१ च्या जनगणनेतला "धुळे जिल्हा" आणि २००१ च्या जनगणनेतला "धुळे जिल्हा" हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणाले, की "अरेरे, धुळ्याची वस्ती किती घटली!" तर आपण हसू. वस्ती घटली नाही. नाव तेच राहिले, त्या नावाखाली येणारा मुलूख बदलला. १९९१ च्या धुळ्यात शहादे, तळोदे, नवापूर, अक्कलकुवे, सारे होते. थीममधल्या "तिसऱ्या जागे"चे अगदी असेच आहे. जागेचे नाव तेच, आतला रंग निराळा.

आणि तो निराळा झाला, एकदा नव्हे, अनेकदा. २००७ आणि २०१० च्या एक्सेलमध्ये जी नेहमीची थीम होती, तिच्यातले सहा ठळक रंग असे होते: निळा, लाल, पोपटी हिरवा, जांभळा, निळसर हिरवा आणि केशरी. २०१३ साली कंपनीने ही थीम बदलली. नवे सहा असे आले: निळा, केशरी, करडा, सोनेरी, दुसरा निळा आणि हिरवा. आता या दोन याद्या क्रमाने ताडून पाहा. दुसऱ्या जागी लाल होता, तिथे केशरी आला. तिसऱ्या जागी हिरवा होता, तिथे करडा आला. आणि सहाव्या जागी केशरी होता, तिथे हिरवा आला! पुढे २०२३ साली मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये पुन्हा नवी थीम आली. तिच्यात तिसऱ्या जागी गडद हिरवा आहे आणि सहाव्या जागीही हिरवाच आहे.

जुनी फाईल नुसती उघडली तर भय नाही, कारण ती आपली थीम आपल्याबरोबर आणते. गडबड होते ती जुन्या फाईलमधल्या ओळी उचलून आज नव्याने काढलेल्या फाईलमध्ये चिकटवताना. तिथे नव्या फाईलची थीम चालते. पाहुणा आला, की त्याने घरच्या रीतीने वागायचे!

आता यात बिघडते काय, रंगच तर आहे, असे कोणी म्हणेल. एक कल्पित उदाहरण घ्या. शिरपूर तालुक्यातली एखादी आश्रमशाळा आहे असे समजू. शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी २०१० च्या एक्सेलवर केली. ज्यांचे कागद पूर्ण, त्यांची ओळ तिसऱ्या जागच्या हिरव्याने रंगवली. ज्यांचे बँकेचे खाते अजून निघाले नाही, त्यांची ओळ सहाव्या जागच्या केशरीने. कुठे शब्द लिहिला नाही. सरांना आणि कारकुनांना अर्थ ठाऊक होताच. काही वर्षांनी सर बदलून गेले. नव्या बाईंनी नवा संगणक आला म्हणून यादी २०१३ नंतरच्या एक्सेलमधल्या कोऱ्या फाईलवर उतरवली. आता पडद्यावर काय दिसते? कागद पूर्ण असलेली मुले करडी, आणि खाते नसलेली मुले हिरवी! बाईंनी सरळ अर्थ लावला: हिरवी ती झाली. ज्या पोराचे खाते काढायला कोणी तरी त्याच्या बापाबरोबर बँकेत जायला हवे होते, त्याचेच नाव "काम झाले" म्हणून बाजूला पडले. आणि हेच जर २०२३ च्या थीमवर घडले, तर दोन्ही गट हिरवे, एक गडद आणि एक जरा उजळ. कोण कुठले ते कळायचेच नाही. सोसायटीच्या तक्त्यात असे झाले तर फेडलेले कर्ज थकलेले ठरेल, आणि थकलेले फेडलेले. रंग क्षुल्लक खरा. पण त्याच्यावर भरवसा ठेवणारा माणूस क्षुल्लक नसतो.

इतिहासात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. २००७ पूर्वी एक्सेलमध्ये रंगावरून ओळी निवडता येत नव्हत्या. २००७ पासून "या रंगाच्या तेवढ्या ओळी दाखव" किंवा "या रंगाच्या वर आण" अशी सोय आली. सोय उत्तम; पण तिच्यामुळे लोकांना सवय लागली, की रंग हीच माहिती. आधी रंग हा माहितीवरचा शेंदूर होता, आता तोच देव झाला. आणि गंमत अशी, की एक्सेलचे साधे सूत्र आजही रंग वाचू शकत नाही. "पूर्ण" हा शब्द किती घरांत आहे ते सूत्र क्षणात मोजून देईल. हिरवी घरे किती, हे विचाराल तर ते गप्प बसेल.

तेव्हा उपाय काय? उपाय अवघड नाही, आणि त्याला पैसा लागत नाही.

पहिला आणि मुख्य उपाय: अर्थ शब्दांत लिहा. यादीत "स्थिती" नावाचा एक वेगळा रकाना ठेवा. त्यात "कागद पूर्ण", "खाते बाकी", "तपासणे" असे ठरावीक शब्द लिहा. मग हौस असेल तर रंग द्या. त्यातही उत्तम रीत अशी, की एक्सेललाच नियम सांगावा: या रकान्यात "खाते बाकी" असे असेल तर ओळ पिवळी कर. याला अटीनुसार रंगभरण म्हणतात. म्हणजे रंग शब्दाच्या मागून येतो. उद्या रंग पुसला गेला तरी शब्द आहे, आणि शब्दावरून रंग पुन्हा आणता येतो. रंगावरून शब्द आणणे मात्र कठीण.

दुसरा उपाय: रंग निवडताना वरच्या थीमच्या रांगा सोडा. त्यांच्या खाली दहा रंगांची एकच आडवी ओळ असते: गडद लाल, लाल, नारिंगी, पिवळा, फिकट हिरवा, हिरवा, फिकट निळा, निळा, गडद निळा आणि जांभळा. हे प्रमाण रंग. इथून रंग घेतला, की फाईलमध्ये जागेचा क्रमांक लिहिला जात नाही. लाल, हिरवा, निळा यांचे प्रत्यक्ष आकडे लिहिले जातात. थीम कितीही बदलो, तो पिवळा पिवळाच राहतो. हा पोथीतल्या हिंगुळाच्या जवळचा रंग समजा.

तिसरा उपाय: जुन्या तक्त्यातल्या ओळी नव्यात नेताना, चिकटवण्याच्या पर्यायांत "मूळचे स्वरूप राखा" असा जो पर्याय असतो तो घ्या, आणि नंतर जुनी आणि नवी फाईल शेजारी-शेजारी उघडून चार ओळी ताडून पाहा. रंग बदललेलेच असतील, तर पान-मांडणीच्या पट्टीवर "रंग" या बटणाखाली जुन्या थीमची नावे मिळतात. त्यांत २००७ ते २०१० ची थीम निवडली, की तिसऱ्या जागी हिरवा आणि सहाव्या जागी केशरी परत येतो. नंदुरबार वेगळे होण्यापूर्वीचा नकाशा काढून पाहावा, तसेच हे आहे.

चौथा उपाय: प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर रंगसूची ठेवा. रंग, त्याचे नाव, त्याचे तीन आकडे आणि त्याचा अर्थ. खाली तारीख आणि कोणत्या आवृत्तीत तक्ता केला तेही लिहा. सर बदलून जातात, बाई बदलून जातात, कारकून निवृत्त होतात. सूची जागेवर राहते.

पाचवी गोष्ट उपायापेक्षा कसोटी आहे. तक्ता एकदा काळ्यापांढऱ्यात छापून पाहा, किंवा त्याची झेरॉक्स काढा. आपल्याकडे बहुतेक कागद शेवटी झेरॉक्स होऊनच तालुक्याला जातात. तिथे पिवळा बहुधा नाहीसा होतो, आणि लाल व हिरवा सारखेच काळसर दिसतात. झेरॉक्सवरही तक्ता समजत असेल, तर तो जुन्या एक्सेलमध्ये समजेल, नव्यात समजेल आणि पुढे जे काही येईल त्यातही समजेल. काही माणसांना जन्मतःच लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. पुरुषांत असे अधिक. आपल्या शाळेत, आपल्या कचेरीतही असा कोणी असू शकतो. त्याचीही सोय याच कसोटीने होते.

आता मघाच्या औषधाच्या बाटलीकडे पुन्हा एकदा पाहा. ज्यांनी तो नियम केला त्यांनी केवळ रंगावर विसंबून भागवले नाही. शंकरपाळ्याच्या खालच्या भागात रंग आहे, तर वरच्या भागात शब्द आहे. लाल आणि पिवळ्या खुणेवर "विष", निळ्यावर "धोका", हिरव्यावर "सावधान", अशा अर्थाचे शब्द घालावे लागतात. लाल खुणेवर तर कवटीचे चित्रही असते. बाटली उन्हात पडली, रंग उडाला, तरी शब्द बोलतो. ज्याला वाचता येत नाही त्याला रंग आणि चित्र सांगते; ज्याला रंग दिसत नाही त्याला शब्द सांगतो. हवामान खात्याचा इशाराही तसाच. नुसते "पिवळा इशारा" म्हणून थांबत नाहीत. लक्ष ठेवा, तयारीत राहा, कृती करा, असे रंगाबरोबर सांगतात.

जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आला, तिथे शहाण्या लोकांनी रंगाला शब्दाची जोड दिली. आपल्या तक्त्यातही कुणाच्या तरी शिष्यवृत्तीचा, कुणाच्या कर्जाचा, कुणाच्या अनुदानाचा प्रश्न असतोच. तेव्हा रंग जरूर भरा. रंगाने तक्ता एका नजरेत वाचता येतो, हा त्याचा गुण कोणी नाकारणार नाही. पण त्या रंगाशेजारी एक शब्द लिहायला विसरू नका. एक्सेलच्या आणखी आवृत्त्या येतील, त्यांच्या पेट्यांत वड्या पुन्हा इकडच्या तिकडे होतील. "खाते बाकी" हे दोन शब्द मात्र जळगावच्या संगणकावर वाचा की धुळ्याच्या, आज वाचा की वीस वर्षांनी, त्यांचा अर्थ "खाते बाकी" असाच राहील.